गप बसायचं काम

३ जानेवारी, शुक्रवार

बूड दुखतंय. दोन तास लाकडी स्टुलावर, खेळाकडं पाठ करून! आकुर्डीच्या त्या हॉलमध्ये आज मी काय बघितलं? भिंत. भिंतीवर एक पाल होती. ती पण मधेच कंटाळून गेली.

खेळाचं नाव बोचिया. मला वाटलं काहीतरी बोचणारं असंल. ज्यांचे हातपाय मेंदूचं ऐकत नाहीत त्यांचा हा खेळ, आमच्या इंदूसारख्यांचा. इंदू म्हणजे इंद्रायणी, माझी पुतणी, वय तेवीस, जन्मापासून खुर्चीत. एक पांढरा चेंडू असतो, सहा लाल, सहा निळे. पांढरा आधी टाकायचा, मग आपापले चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. इंदूला फेकता येत नाही, म्हणून तिच्यापुढं एक पन्हळ उभी करतात, लहान पोरांच्या घसरगुंडीसारखी. तिच्या कपाळाला पट्टा, पट्ट्याला दांडी. दांडीनं ती चेंडू ढकलते, तो पन्हळीतनं घरंगळत मैदानात जातो.

आता ही पन्हळ धरायला एक माणूस लागतो. त्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही. बोलायचं नाही. ती सांगेल तेवढंच हलवायचं. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे!

माझ्यासारख्या माणसाला अख्ख्या ताथवड्यात यापेक्षा भारी शिक्षा शोधून सापडली नसती.

आधी हे काम वहिनी करायची, शालनवहिनी, इंदूची आई. पण चेंडू सुटला की वहिनीची मान वळतेच. दिवाळीनंतरच्या स्पर्धेत त्या मानेपायी इंदूचा डाव गेला. कोच विजयश्री मॅडम म्हणाल्या, "शालनताई, दुसरं कुणी बघा." मी लगेच तयार! गाडी आहे, वेळ आहे, पोरीसाठी एवढं करायला नको का? वहिनीचे डोळे भरले. म्हणाली, "भावजी, तुमच्यासारखा देवमाणूस न्हाई."

देवमाणूस! ही वही कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. मला इंदूची सही पाहिजे.


४ जानेवारी

आज पाठ पण दुखतेय.


८ जानेवारी, बुधवार

आमची शेवटची राहिलेली जमीन — एकतीस गुंठे, कॉलेजच्या मागं. बाकीची आमच्या वडलांनी आणि आप्पानं कधीच विकून खाल्ली. आप्पा म्हणजे थोरला भाऊ, यशवंतराव. मधला कोंडीराम, इंदूचा बाप, सहा वर्षांपूर्वी हार्टनं गेला. धाकटा मी, सयाजी, धंदा प्लॉटची दलाली. तर ह्या एकतीस गुंठ्यांवर बिल्डरला टॉवर बांधायचाय. बांधकामातला काही हिस्सा आमचा, बाकीचा त्याचा. चार सह्या लागणार: आप्पा, मी, वहिनी, इंदू. कागद दिवाळीपासून तयार आहे. अडलंय ते इंदूपाशी. म्हणते, वाचते, मग सांगते. वाचतेय ती वाचतेच आहे. बी.कॉम. घरी बसून केलं तेव्हाच मी म्हणलं होतं, ही पोरगी पुढं त्रास देणार.

बिल्डरचा माणूस रविराज. तिशीचा, घोट्याच्या वर पॅन्ट, मोजे नाहीत. प्रत्येक वाक्यात "विन-विन". त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलंय, "काका, तुम्ही बेचाळीस टक्क्यांवर सगळ्यांच्या सह्या आणा, रस्त्याकडचा चार नंबरचा गाळा तुमचा. कुणाला कळायचं कारण नाही." शेजारी पुनावळ्यात लोकांना पन्नास टक्के मिळालेत. मला ठाऊक आहे. आप्पाला ठाऊक नाही. आप्पा पेपरात फक्त कुस्तीचं वाचतो.

मंजुषानं, म्हणजे बायकोनं, त्या गाळ्यात मनातल्या मनात ब्यूटी पार्लर टाकून झालं. आरसे कुठं लावायचे ते पण ठरलंय.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घ्यायला सगळे आप्पाकडं. गोड बोलायचा दिवस आणि आप्पानं काढला कागद! पालकत्वाचा. म्हणजे इंदूच्या वतीनं आप्पानंच सही करायची. "पोरीला कशाला तरास? तिला काय कळतंय त्यातलं?" इंदू तिथंच. दोन हातांवर!

इंदू काहीतरी बोलली. तिचं बोलणं सावकाश, शब्द एकात एक अडकलेले, सवय नसेल त्याला कळत नाही.

आप्पा म्हणला, "काय म्हणती?"

वहिनी म्हणाली, "काय न्हाई, पाणी मागती."

आणि पाणी आणलं पण. इंदूनं प्यायलं नाही. मी दहा-बारा दिवस तिच्याशेजारी बसतोय, आता मला थोडं कळायला लागलंय. ती पाणी मागत नव्हती. ती म्हणाली होती, "मी तीनदा वाचलंय."

मी? तिळगूळ खाल्ला. चार लाडू.


२२ जानेवारी, बुधवार

आज मॅडमनी मला झापलं. सगळ्यांसमोर.

झालं असं, मागनं टक् असा आवाज आला, चेंडूला चेंडू लागल्याचा. मला वाटलं आता इंदूला डावीकडं पाहिजे असणार. मी पन्हळ सरकवली. शिट्टी!

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मॅडम.

म्हणलं, "अहो, अंदाज आला. मदतच केली ना."

"ती मदत नाही. तो तिचा डाव तुम्ही खेळलात."

वीस पोरांसमोर, त्यांच्या आयांसमोर! सेहेचाळीस वर्षांचा माणूस, गळ्यात दोन तोळ्यांची चेन, आणि स्टुलावर शाळकरी पोरासारखा.

 येताना गाडीत, डांगे चौकाच्या सिग्नलला इंदू म्हणाली, "काका, तुम्ही धंद्यात पण असंच करता?"

"कसं?"

"समोरच्यानं विचारायच्या आधीच सरकता."

सिग्नल सुटला म्हणून बरं. कारण परवाच मारुंजीच्या प्लॉटवाल्याला मी त्यानं तोंड उघडायच्या आधी भाव खाली सांगून बसलो होतो. तो बिचारा फक्त खोकला होता.


२ फेब्रुवारी, रविवार

वा रे वा!

आज एक गिऱ्हाईक आलं, चाकणच्या कंपनीतला सुपरवायझर, लातूरकडचा. रावेतचा फ्लॅट दाखवला. त्यानं भाव ऐकला, म्हणाला, "लई हुतंय की हो." एरवी मी लगेच म्हणलो असतो, बसून ठरवू, तुमच्यासाठी कमी करू. आज तोंड उघडलं आणि स्टूल आठवलं. मिटलं. खिडकीकडं तोंड केलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक बाई गोधडी वाळत घालत होती, तिच्याकडं नीट लक्ष दिलं. गोधडी तिरकी पडली. तिनं सरळ केली. परत तिरकी.

मागनं तो एकटाच बोलायला लागला. शाळा जवळ हाय म्हणा. पाणी पण हाय म्हणा. बायकोला आवडलंय म्हणा. आणि मग स्वतःच, "बरं, टोकन किती देऊ?"

गप बसून काम होतं हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही? घरी येऊन मंजुषावर पण प्रयोग केला. ती म्हणाली, "छातीत दुखतंय का?"


९ फेब्रुवारी, रविवार

सांगवीला स्पर्धा. इंदू जिंकली! आणि मी काही बघितलं नाही!

समोर मोशीचा एक पठ्ठ्या होता. त्याची पन्हळ आमच्यापेक्षा दीड फूट उंच, म्हणजे त्याचा चेंडू लांब पळणार. शेवटच्या डावाला पांढरा चेंडू टाकायची पाळी इंदूची. मी पन्हळ धरून बसलेलो. ती म्हणाली, "खाली." मी खाली केली. "अजून खाली." अजून. पार झोपवली पन्हळ. चेंडू घरंगळला आणि दोन ढांगांवर थांबला असणार, कारण आवाज लगेच बंद झाला. लोक हसले. मला वाटलं चुकलं.

नंतर मॅडमनी सांगितलं ते असं. पांढरा चेंडू जिथं, तिथंच सगळा खेळ. तिनं तो मुद्दाम नाकासमोर ठेवला, म्हणजे मोशीवाल्याची उंच पन्हळ वाया. मग पहिलाच निळा चेंडू पांढऱ्याला चिकटवला. नियम असा की ज्याचा चेंडू लांब, त्यानं खेळायचं. तो खेळत राहिला, सहाच्या सहा संपवले. आणि इंदू पाच चेंडू मांडीशी घेऊन बसून होती. मी भिंतीकडं बघत म्हणतोय, ही खेळत का नाही? झोप लागली का? शेवटी म्हणाली, "आता उजवीकडं. थोडं. थांबा." एकेक करून सगळे आत.

मी उठून नाचलो. खरंच नाचलो. मॅडमनी व्हिडिओ काढलाय, तो पुसायला लावला पाहिजे.

वहिनी आत आलीच नव्हती. बघवत नाही म्हणून गाडीत बसून होती. आम्ही दार उघडलं तेव्हा डबा मांडीवर, तसाच झाकलेला. "जिंकली व्हय?" म्हणाली आणि पोरीचं तोंड पुसायला लागली. इंदू म्हणाली, "आई, पुरे." सगळ्यांना मस्तानी पाजली. वहिनीला गार चालत नाही, ते मला निम्मी संपल्यावर आठवलं.


१२ फेब्रुवारी

रविराजनं वाकडला कॉफी पाजली. कॉफीवर बदामाचं पान काढलेलं होतं. "ताई खूश आहेत ना, काका?" मला गाळ्याचा नकाशा दिला. चार नंबरवर पेन्सिलनं लिहिलंय — सयाजी काका. मी तो गाडीत सीटच्या खिशात ठेवला. घरी नेला असता तर मंजुषानं फ्रेम केला असता.


२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रॅक्टिसहून येताना इंदूनं गाडी बाजूला घ्यायला लावली. रस्त्याकडंला, ऊसाच्या रसाच्या गाड्यापाशी. वहिनी सोबत नव्हती, कंबर धरलीय तिची.

म्हणाली, "मी बैठकीत बसणार."

म्हणलं, "कुठल्या?"

"बिल्डरच्या. आणि तुम्ही माझं बोलणं मोठ्यानं म्हणायचं. जसंच्या तसं. वर नाही, खाली नाही."

मोबाइलवर लिहून दाखव की, मी म्हणलं. ती म्हणाली, मोबाइलवर लिहिलं की लोक मोबाइलकडं बघतात. बरोबर आहे, मी पण तेच करतो.

"मग आईला सांग. तिला तुझं सगळं कळतं."

"आई पाणी मागते."

मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, "आणि हॉलमध्ये बसता तसंच बसायचं. भिंतीकडं तोंड. रविराजकडं बघायचं नाही."

मी हो म्हणलं. मनातनं तर उड्याच मारत होतो! बैठकीत तिचं तोंड म्हणजे माझं तोंड. ती पन्नास म्हणाली तर मी पंचेचाळीस म्हणेन, कुणाला कळतंय? एवढी सोपी सही जन्मात मिळाली नसती.

रस दोघांनी प्यायला. तिचा ग्लास मी धरला. आलं जास्त होतं.


२४ फेब्रुवारी, सोमवार

आप्पा तयार नव्हता. "पोरगी बैठकीत? लोक काय म्हणतील? आणि तुला कवापासनं तिचं बोलणं कळाया लागलं?" पण वकिलानंच त्याला सांगितलं, पोरगी सज्ञान आहे, डोकं शाबूत आहे, तुमचा पालकत्वाचा कागद घडी करून खिशात घाला. आप्पानं खरंच घडी करून खिशात घातला.

रविवार ठरलाय.


२ मार्च, रविवार

सगळं आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

आप्पाच्या खालच्या हॉलमध्ये. सोफ्यावर आप्पा. समोर रविराज, त्याचा लॅपटॉप. टेबलाच्या अलीकडं इंदूची खुर्ची, आणि तिच्याशेजारी मी, स्टुलावर, भिंतीकडं तोंड करून. भिंतीवर आप्पाचा कुस्तीतला फोटो, लंगोट, गदा. दीड तास मी त्या लंगोटाकडं बघत होतो.

रविराज म्हणाला, "काका, मानेला काय झालं?"

इंदू बोलली. मी मोठ्यानं म्हणलं, "काका इथं नाहीत. माझ्याशी बोला."

स्वतःच्याच तोंडानं आपण इथं नाही म्हणायचं म्हणजे कसं वाटतं ते ज्याचं त्यालाच कळंल.

रविराजनं सुरुवात केली. मार्केट, रेरा, विन-विन. इंदूनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग ती म्हणाली, आणि मी म्हणलं, "बावन्न टक्के."

खरं सांगतो, माझ्या जिभेवर पंचेचाळीस तयार होतं. पण पन्हळ धरून धरून सवय झाली होती की काय कोण जाणे, तोंडातनं बावन्नच निघालं. आप्पाला ठसका लागला.

रविराज हसला. "ताई, बेचाळीसची चर्चा झाली होती ना?"

इंदू गप्प. मग मी पण गप्प. आणि मला त्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बाकीचं सगळं ऐकू आलं. पेनाचं बटण, टिक टिक. टाइल्सवर बूट. आवंढा! हा माणूस माझ्यासमोर कायम हसत असतो, मी त्या हसण्यालाच भुलत आलो. नुसतं ऐकलं तर कळतं, त्याला घाई आहे. कुणीतरी वर त्याच्या मानेवर बसलंय.

"ताई, बोला ना काहीतरी." परत पेनाची टिक टिक. "चव्वेचाळीसचं मी वर बोलून बघतो."

इंदू म्हणाली, "हं."

मी म्हणलं, "हं." जसंच्या तसं म्हणजे जसंच्या तसं.

पुनावळ्याचे दोन करार तिनं तारखेसकट सांगितले. रविराज सेहेचाळीसवर आला. आप्पा म्हणला, "झालं की मग, ठीक हाय—"

इंदू बोलली. मी म्हणलं, "आप्पा, तुमची पाळी नंतर."

यशवंतरावांना असं आजवर कुणी बोललेलं नाही! मला भिंतीकडं तोंड करून पण त्याचा लाल झालेला कान दिसला.

मग तिनं स्वतःचं सांगितलं. "मला वेगळं घर पाहिजे, माझ्या नावावर. एकटीसाठी. दारं रुंद. न्हाणीघरात खुर्ची वळली पाहिजे. हे नकाशात आत्ता काढा, ताबा देताना नाही."

दारात कपबश्या वाजल्या. वहिनी, चहाचा ट्रे घेऊन. "एकटीसाठी?" एवढंच म्हणाली.  रविराज म्हणाला, वा, चहा. ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं आत गेली.

आणि मग इंदू म्हणाली, हळू, पण मला एकेक शब्द स्पष्ट कळला, "काकांना कबूल केलेला चार नंबरचा गाळा कुटुंबाच्या हिश्शात धरा."

मी लंगोटावरनं नजर गदेवर नेली.

तिचं बोलणं त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं होतं. वहिनी आत होती. आप्पा म्हणला, "काय म्हणती?" आणि माझ्याकडं वाक्य तयार होतं. "पाणी मागतेय." दोनच शब्द. खरंच ओठांवर आले होते. गाळा, रस्त्याकडचा, मंजुषाचे आरसे. इंदूनं परत सांगितलं नाही. खुणावलं नाही. नुसती थांबली. सांगवीला पाच चेंडू मांडीशी घेऊन थांबली होती तशी.

मी म्हणलं. "काकांना कबूल केलेला चार नंबरचा गाळा कुटुंबाच्या हिश्शात धरा."

 शब्द एकही बदलला नाही.

लॅपटॉप मिटल्याचा आवाज. "ते... तो फक्त एक... प्रपोजल होता," रविराज.

आप्पा म्हणला, "कुणाचा गाळा?" मग सावकाश, "सयाजी. मान वळव."

मी वळवली नाही. इंदूनं अजून सांगितलं नव्हतं.

शेवटी अठ्ठेचाळीसवर थांबलं. गाळा कुटुंबाच्या हिश्शात. इंदूचं घर नकाशात. रविराज जाताना विन-विन म्हणाला नाही.


३ मार्च

आप्पा बोलत नाही. मंजुषा पण बोलत नाही. मी गप बसायला शिकलो आणि आता बोलायला कुणी नाही. आहे की नाही मजा?


९ मार्च, रविवार

प्रॅक्टिसला न्यायला गेलो. वाटलं होतं इंदू नको म्हणेल. पट्टा बांधून तयार बसली होती.

गाडीत विचारलं, "तुला कळलं कसं?"

"नकाशा सीटच्या खिशात होता. तुम्ही पाठ करून बसता. मी नाही."

"आणि मी वाक्य बदललं असतं तर?"

"सगळं मोबाइलवर लिहून ठेवलं होतं. आप्पांना पाठवायचं फक्त बटण दाबायचं राहिलं होतं."

म्हणजे माझी परीक्षाच चालली होती! मला राग आला. बऱ्यापैकी आला. म्हणलं, मग मला कशाला बसवलंस? विश्वास नव्हता तर सरळ आप्पाला सांगायचं. माझी अब्रू काढायला दीड तास कशाला घेतलास?

आधी तिनं मला वळण घेऊ दिलं. मग म्हणाली, "आप्पांना पाठवलं असतं तर तुम्ही चोर झाला असता. तुम्ही स्वतः म्हणालात म्हणून फक्त काका राहिलात."

गाडी थोडी कडेला गेली. मागनं पीएमटी बसवाल्यानं हॉर्न मारला. मी त्याला शिवी दिली. बरं वाटलं.

आणि विश्वासाचं? त्याचं तिनं उत्तर दिलंच नाही. मी परत विचारलं नाही.


१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. आप्पानं हाक मारली नाही. वरच्या गॅलरीतनं बघत होता. मी खालनं रंगाची बादली दाखवली. त्यानं तोंड फिरवलं. पण आत गेला नाही!


३० मार्च, रविवार

पाडवा. आप्पा स्वतः आला घरी. चप्पल न काढता दारात उभा. म्हणला, "चार तारखेला रजिस्टर ऑफिस. अकराला. गाडी तुझीच काढ, पोरीची खुर्ची माझ्यात बसत न्हाई."

म्हणलं, "आप्पा, चुकलं माझं."

"व्हय. चुकलं." मग थोडं थांबून, "बेचाळीसला मी सही करणार हुतो, सया. माझी पण अक्कल तेवढीच." आणि आत येऊन श्रीखंडाची वाटी संपवली. दुसरी पण.

मंजुषाचं अजून निवळलेलं नाही. म्हणते, तुम्ही भिंतीकडं बघत बसा, मी माहेरी बघते. गेली नाही अजून. आज माझ्या ताटात श्रीखंड वाढताना चमचा जोरात आपटला, म्हणजे सुधारणा आहे.

वहिनीनं पुरणपोळ्या पाठवल्या, शेजारच्या पोरीच्या हातनं. स्वतः आली नाही. कंबर अजून धरलीय म्हणे. इंदूला विचारलं, आई कशी आहे? ती म्हणाली, ठीक आहे, बोलत नाही जास्त. मग लगेच राज्य स्पर्धेचं बोलायला लागली. मला पांढरं स्टूल घ्यायचंय, गादीवालं. बूड म्हणजे काय लोखंड आहे का?


४ एप्रिल, शुक्रवार

रजिस्टर ऑफिसात आप्पाची सही झाली. माझी झाली. इंदूनं मुठीत पेन धरून स्वतः सही केली, चार मिनिटं लागली, रविराजनं पण घड्याळ बघितलं नाही. मग कारकुनानं वहिनीपुढं कागद सरकवला, बोटानं जागा दाखवली.

वहिनीनं पेनाला टोपण लावलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई," म्हणाली.

आप्पा म्हणला, "काय इचारायचं?"

"मला काय पायजे त्ये."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरंच विचारलं नव्हतं. आप्पानं नाही, मी नाही. इंदूनं पण नाही. इंदूचं तोंड उघडं राहिलं होतं.

वहिनीनं भिंतीकडची खुर्ची ओढून घेतली, पदर सावरला, आणि म्हणाली, "बसा सगळी. येळ लागंल."